लाकडाच्या भुईवर सारवण

(कोंडाबाईंनी कामथडीत लेकीच्या पडवीत बसून सांगितलं, तसं उतरवून घेतलं.)

माजं म्हायेर वर डोंगरात, येल्ह्याच्या बी वर, जितं ढग घरात शिरत्यात तितलं. चार घरांची वाडी, म्हसरं आन शेरडं, शाळा खाली व्हती पर वड्याला पानी नसंल तवाच खाली जाता यायचं, म्हनून अक्षराची वळख झाली न्हाई, नाव तेवडं गिरवायला लेकीनं शिकीवलं त्येबी म्हातारपनी. मला काय येत व्हतं इचाराल तर सारवायला येत व्हतं. आमच्याकडं पाऊस चार म्हयने उसंत देत न्हाई, भुई वलीच ऱ्हाती, मंग आई काय करायची, श्यानात चुलीतली राख कालवायची आन पातळ हात मारायची, म्हंजी वाळतं आन पोपडा धरत न्हाई. सात वरसाची आसन मी, तिनं हात धरून शिकीवलं, मनगाट हलवायचं न्हाई, खांद्यापसनं हात फिरवायचा, मागं मागं सरकायचं, आपला पाय आपल्या सारवनावर पडाया नगं. एवढं एक शिक्षान झालं बगा. सन आला की सारवायचं, बाळंतीन उठली की सारवायचं, आन मानूस गेलं की जितं त्याला खाली घेतलं व्हतं ती जागा सारवायची, दारापतुर सारं घर धुवायचं, त्या जाग्याव पीठ पसरून दिवा लावायचा, वर बांबूची पाटी पालथी घालायची. दुसऱ्या दिशी पाटी उचलून बगायचं पिठावर काय उमटलंय, पाखराचं पाऊल हाय का गायीचं का लेकराचं, त्यावरनं कळतं गेल्यालं मानूस कुठल्या जल्माला गेलं. तुमी हसताल. हसा. आमी न्हाई कवा हसलो.

लगीन होऊन खाली आले, धरनाच्या पान्याकडंला. भाताची दोन खाचरं आन वरचं वरकस रान, त्यात नाचनी व्हायची. एकच लेक, शेवंता, तिला कामथडीला दिली. मालकांचा धाकटा भाऊ पुण्यात जायचा यायचा, त्यानं एक दिवस सांगितलं, रानाला गिऱ्हाईक हाय. मालकांनी आंगठा दिला. म्या काय केलं, कायबी न्हाई, त्या वक्ताला बाईमानसाला कोन इचारतंय, मी कचेरीच्या भायेर पिशवी घिऊन उभी व्हते.

तर रान घेनाऱ्या पुण्याच्या साहेबानं तितं बंगला बांदला आन आमास्नीच राखनीला ठिवलं. कोपऱ्यात एक खोली दिली, वर पत्रा, म्हनला, मावशी, तुमी हायसा तवर ही खोली तुमची. कागुद न्हवता, बोलनं व्हतं. आन काय सांगू तुमाला, बोलनं खोटं न्हवतं, त्या दिवशी त्याच्या मनात त्येच व्हतं. म्या म्हनलं साहेब, आत कोबा करू नगा, माती ऱ्हाऊ द्या. तो म्हनला तुमची मर्जी. त्या खोलीत मालक गेले. तापानं गेले, तिसऱ्या दिशी. त्यांची जागा म्या माज्या हातानं सारवली. तवापसनं म्या ठरीवलं व्हतं, आता हितनं हालायचं न्हाई, आपलंबी हितंच व्हईल.

बंगल्यात भितीपसनं भितीपतुर कारपेट व्हतं, पिकल्या जांभळाच्या रंगाचं. पुण्याला शोबून दिसंल, आमच्या पावसात कसं टिकनार. आषाढ लागला की त्ये वलं व्हायचं, पानी कुठनं बी न्हाई, नुसत्या धुक्यानं. वास सुटायचा कुबट, वल्या कुत्र्यावानी. साहेबानं एक नळीचं मशीन दिलं व्हतं, हत्तीच्या सोंडंवानी, त्ये धूळ वडायचं पर वास कसा वडंल.

मंग साहेबाची आई ऱ्हायला आली. मी त्यास्नी बाईच म्हनायची, त्या मला कोंडे म्हनायच्या. जल्म त्यांचा सारोळ्याचा, नीरेच्या काठचा, लगीन करून पुण्यात गेल्या आन साठ वरसं तितंच. दमा व्हता. डाक्टर म्हनला मोकळ्या हवंत ठिवा. हवा मोकळी खरी, पर घरात कारपेट, बाई रात न्हाई दिस न्हाई खोकायच्या. येका सकाळी बगते तर कपाटाच्या मागं कारपेटमदनं आळंबी उगावल्याली, पांढरी, छत्रीवानी. बाई म्हनल्या, कोंडे, भाजी आलीया दिवानखान्यात, काढ आन कढईत परत. म्हनलं, बाई, ही खाल्ली तर दोगी बी जाऊ. म्हनल्या, जाऊ तर जाऊ, मंग तरी आमचं बाळ कारपेट बदलंल.

बाळानं बदललं. साहेब वंगाळ न्हवता, आईसाटी लगीच केलं. दोन गडी आले टेम्पोतनं, हिंदी बोलनारे. चाकूनं कारपेट कापलं, गुंडाळ्या करून भायेर टाकल्या, खाली सिमिट. सिमिटावर फेसाचा पातळ कागुद आतरला आन त्यावर लाकडाच्या पट्ट्या, येकीत येक टाकटाक बसवत चालले, खिळा न्हाई, कायबी न्हाई. भितीपशी बोटभर फट ठिवली, म्हनलं ही कशाला, तर तो म्हातारा गडी म्हनला, अम्मा, ये सांस लेता है. पट्टी हातात घिऊन बगितली तर लाकूड न्हवंच त्ये, भुसा दाबून केल्याला, वर लाकडाचा फोटू चिकटावल्याला, रेशा बी, गाठी बी. म्या बाईंस्नी दावलं. बाई म्हनल्या, बरं झालं, आमच्या ह्यांचा फोटू भितीवर आन झाडाचा फोटू भुईवर, दोगंबी गेल्यालेच.

त्या गड्यानं माज्यासमूर येक कापल्याला तुकडा पान्याच्या बादलीत टाकला. सांजच्याला काढला तर च्यात बुडीवल्याल्या खारीवानी फुगला व्हता, बोटानं दाबला तर भुगा. म्हनला, अम्मा, पानी इसका दुश्मन. साहेबानं बी सांगितलं, मावशी, बादली ओतायची न्हाई, फडकं पिळून, कोरडं पिळून पुसायचं. म्या दोन वरसं तसंच पुसलं. येक थेंब पडू दिला न्हाई. बाईंच्या हातनं पेला लवांडला की मी पदरानं टिपून घ्यायची, त्या म्हनायच्या, आगं माजा नातू मुतला तरी कुनी येवढं पळालं न्हाई.

खोकला थांबला बाईंचा, त्ये खरं. दोगी बसायचो, त्या खुर्चीव, मी खाली. पायाला गार लागायचं न्हाई त्ये लाकूड, पर चाललं की पोकळ वाजायचं, बाई म्हनायच्या, कुनी तरी खालनं चालतंय बग आपल्याबरूबर. गप्पा काय, त्येच त्येच, सारोळ्याचा घाट, नदीला गेल्याल्या घागरी, माज्या डोंगरातला पाऊस. त्यांना सारवायचं म्हाईत व्हतं. म्हनायच्या, माजी आई राख न्हाई घालायची गं, नुसतं श्यान. म्हनलं तुमच्याकडं ऊन व्हतं, तुमचं काय.

येक दिवस म्हनल्या, कोंडे, मला खाटंवर मरू दिऊ नगं, खाली घे. म्हनलं, खाली कुठं घिऊ, ही काय भुई हाय व्हय. म्हनल्या, फोटूच्या खाली फेस, फेसाच्या खाली सिमिट, सिमिटाच्या खाली तुजं रान हाय का न्हाई, मंग झालं की. आन मागनं सारवशील ना. म्या म्हनलं, बाई, साहेबानं सांगितलंय पान्याचा थेंब न्हाई. दुसऱ्या येळंला हसल्या आसत्या, काय तरी टाकून बोलल्या आसत्या, त्या दिवशी नुसत्या खिडकीकडं बगत बसल्या. म्या त्यांच्या तोंडाव न्हाई म्हनले, आन त्ये मला तवापसनं टोचत ऱ्हायलं, नखात काटा मोडल्यावानी.

सरावनात गेल्या. दुपारचं पेज घेतली, दोन घोट, आन म्हनल्या कोंडे, छातीव कुनी बसलंय. मोबाईलला फाटकापशी गेल्याबिगर रेंज यायची न्हाई, पळत गेले, साहेबाला लावला, पळत आले. बाईंनी हातानं खाली दावलं. म्या येकटीनं त्यास्नी उचलून खाली घेतलं, हलक्या झाल्या व्हत्या, कोकरावानी. तुळशीचं पान आन पान्याचा घोट दिला. त्येच दोन थेंब सांडले त्या लाकडावर, म्या टिपले न्हाईत.

साहेब आन त्याची बायको, वैनी, आले, मागनं अॅम्बुलन्स. साहेब रडला, आईच्या पायाव डोस्कं ठिवून रडला, मानूस हाय त्योबी. मंग म्हनले पुण्याला न्यायचं, तितं इजेवरचं मसान हाय, नातेवाईक तितं यायचेत. अर्द्या तासात न्हेलं बी. म्या इचारलं, साहेब, दिवा. म्हनला पुण्यात लावू मावशी, तुमी कुलूप लावा.

मी कुलूप घिऊन उभी. दिवानखाना मोकळा, खिडकीबी लावल्याली, आन मधी ती जागा जितं बाईंचा जीव गेला. दिवा पुण्यात लावनार, पर जीव हितं गेला ना. उभ्या जल्मात म्या आशी जागा सोडून गेले न्हाई, सासूची न्हाई, मालकांची न्हाई, माजं येक लेकरू गेलं आठ दिवसांचं, त्याची बी न्हाई. म्या म्हनलं प्लाष्टिकचा कागुद आतरून त्याच्यावर सारवावं का. मंग मनात आलं, तसं केलं तर प्लाष्टिक सारवलं, जागा कुठं सारवली. बाईंस्नी काय सांगनार व्हते मी. येकदा न्हाई म्हनून झालं व्हतं.

तर म्या श्यान आनलं शेजारच्या गोठ्यातनं. राख न्हाई घातली. त्यांच्या आईवानी केलं, नुसतं श्यान. खांद्यापसनं हात फिरवला, मागं मागं सरकत. लाकडावर श्यान धरना, घसरायचं, म्हनून दोनदा हात मारला, तीनदा मारला. मंग दारापतुर पानी. किती बादल्या म्या मोजल्या न्हाईत. त्या गड्याचा तुकडा मला आठवत व्हता, फुगल्याला, बादलीतला, समद्या येळंला डोळ्यासमूर व्हता. उंबऱ्यापतुर धुतलं, पीठ पसरलं, दिवा लावला, पाटी घातली आन दिवस मावळायच्या आत खोलीत यिऊन बसले. तवा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

सकाळच्याला गेले, पाटी उचलली. पिठावर येक रेग. आक्षी सरळ, ह्या टोकापसनं त्या टोकापतुर, सुतारानं दोरी मारल्यावानी. मी वाकून बगत बसले, म्हनलं सरळ जानारं आसं जनावर कंचं. साप-किरडू म्हनावं तर त्ये बी वळतं. हात लावला पिठाला, तवा बोटाला कळलं, खालचा सांधा वर आलाय. दोन पट्ट्या येकमेकीला टेकून उभ्या ऱ्हायल्या व्हत्या, घराच्या पाख्यावानी. उठून चालले तर समद्या घरभर तसंच, पायाखाली कुरकुर. मी तितंच बसले. बाई कुठं गेल्या त्ये कळलं न्हाई, माजं काय व्हनार त्ये मातूर पिठावर उमटलं व्हतं.

मंग काय काय न्हाई केलं म्या. श्यान खरवडलं, कोरड्या फडक्यानं पुसलं, पाटा आनून ठिवला त्या सांध्याव, जात्याची तळी ठिवली, माज्या खोलीतलं व्हतं न्हवतं त्ये वज्जं समदं. खिडक्या उगडल्या, पर सरावनातलं ऊन कुठं आसतंय, भायेरचा दमट वारा आत, आनखी फुगलं. शेगडी पेटवून ठिवली धा दिवस. पाटा उचलला की पट्टी परत वर.

तेराव्यानंतर आले दोगं. वैनी आत गेल्या, लगीच भायेर आल्या, म्हनल्या, आवो, तुमी बगा जरा. साहेब दारातच उभा ऱ्हायला. म्हनला, मावशी, तुमाला सांगितलं व्हतं ना. म्हनलं व्हय साहेब, सांगितलं व्हतं. म्हनला, मंग. म्हनलं, बाईंची जागा सारवली. तो त्या उभ्या ऱ्हायल्याल्या सांध्याकडं बगत ऱ्हायला, आन त्याचं डोळं भरलं. मला वाटलं, कळलं ह्याला. कळलं व्हतंच. वैनी म्हनल्या, माजी बी सासूच व्हती, मला काय दुख न्हाई का, पर उद्या ह्यांनी चूल पेटवली दिवानखान्यात तर. त्यांचं बी चूक न्हाई वो, शेगडीचा काळा डाग पडलाच व्हता.

च्या केला म्या, पेले दोगंबी. जाताना साहेब फाटकापशी थांबला, म्हनला, मावशी, तुमचं वय झालं आता, येकट्या ऱ्हाता, काय झालं गेलं तर मला तोंड दाकवाया जागा न्हाई, तुमी आता लेकीकडं ऱ्हायला जावा. दिवाळीपतुर घाई न्हाई. म्या म्हनलं बरं. खोलीचं नाव त्यानं काढलं न्हाई, म्या बी काढलं न्हाई. तो म्हनला आसता, तुमी हायसा तवर म्हनलो व्हतो, तर मला बोलता आलं आसतं. तो इसरला व्हता. इसरल्याल्या मानसाला आठवन करून देनं बरं न्हाई दिसत.

दिवाळीला आले हितं. शेवंताचं घर तुमी बगताच हाय, दोन खोल्या, सासू, दीर, लेकरं. मला ही पडवी दिली, येका आंगाला हिरव्या जाळीचा पडदा. समूर रस्ता, गाड्या चालल्याल्या आसत्यात. जावय येका शबुदानं बोलत न्हाई, ना वंगाळ ना बरं. तिची सासू मातूर म्हनती, इहीनबाई, कवा जायाचं म्हनता. मस्करीनं म्हनती. मी बी मस्करीनं म्हनते, न्यायला आले की जाईन. आमी दोगी हसतो.

येकदा गेले व्हते तिकडं परत. रेशनकार्ड हितलं करायचं व्हतं, त्यासाटी गावातलं कायसं कागुद लागत व्हतं, भोरास्नं दुसरी एस्टी धरली. कागुद मिळाला न्हाई, शिक्का मारनारा रजेव. येताना पाय तिकडं वळलं. फाटक उगडं. दिवानखान्याचं दार बी उगडं, आन आत येक बाई, चाळीशीची, लातूराकडची, मागनं तीच म्हनली, नळी लावून घर धूत व्हती. फोटू गेला व्हता लाकडाचा. पांढरी फरशी घातल्याली, साधी. पानी कसं वाहात व्हतं उंबऱ्यावरनं, मी बगतच ऱ्हायले.

ती म्हनली, आजी, कोन पायजे. म्हनलं कुनी न्हाई, पानी पायजे प्यायला. ती त्या खोलीकडं गेली, माज्या. दाराला पडदा लावलाय तिनं, निळा. आत कोबा झालाय, मी भायेरनं बगितलं, आत कशाला जाऊ. तांब्या दिला, खडीसाखर दिली, चांगली व्हती बाई. म्हनलं बरं हाय का हितं. म्हनली बरं हाय, साहेब देवमानूस, खोली बी दिलीया, म्हनत्यात तुमी हाय तवर तुमचीच. म्हनलं, आसं व्हय. मंग तिच्याच मनात काय आलं, हसून सांगाया लागली, हितं म्हनं आदी येक म्हातारी व्हती, येडी, तिनं साहेबाच्या लाकडी फरशीला श्यान लावलं. तुमी वळखत व्हता का तिला. म्हनलं, तोंडवळकीची व्हती. म्हनली, आसतंय वो आजी, अडानी मानूस, त्येला काय कळतंय. पानी पिऊन तांब्या दिला तिच्या हातात आन निगाले, एस्टी चुकली आसती.

तर आता हितंच. देवानं साहेबाला सुकी ठिवावं, त्या लातूरच्या बाईला बी, तिची खोली तिला पुरू दे. माजं काय, गुडगं गेलं, येक डोळा गेला, शेवंताला वज्जं झालंय त्ये मला दिसतंय, तिला वाटतं दिसत न्हाई. कवा संपायचं त्ये आपल्या हातात न्हाई. तुमी आता लिवताय ताई, तर येवढं नीट लिवा. येडी व्हती म्हना, माजं काय म्हननं न्हाई. पर कळत न्हवतं आसं लिवू नगा. पट्टी पान्यात फुगती त्ये म्या डोळ्यानं बगितलं व्हतं. खोली जाईल त्ये बी पहिली बादली उचलतानाच कळलं व्हतं मला.